एका वर्षाची मुदत : महाविद्यालयीन गणितशिक्षणातील अनोळखी प्रश्नाचा इतिहास आणि वसई-विरार परिसर

प्रास्ताविक

मराठीत गणिताच्या प्रश्नाला ‘उदाहरण’ म्हणतात. शाळेतील फळ्यापासून पदवीच्या उत्तरपत्रिकेपर्यंत विद्यार्थी ‘उदाहरणे सोडवितो’ आणि पाठ्यपुस्तकातील प्रकरणाच्या शेवटी ‘उदाहरणसंग्रह’ असतो. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. उदाहरण म्हणजे आधी सांगितलेल्या नियमाचा दाखला. ते ज्या प्रकरणाखाली छापलेले असते, त्याच प्रकरणात त्याची किल्लीही असते. स्पर्धात्मक गणितातील प्रश्न या अर्थाने उदाहरण नसतो. तो कशाचे उदाहरण आहे, हे ओळखणे हाच त्याच्या उकलीचा निम्मा भाग असतो. प्रस्तुत लेखात अशा प्रश्नाला ‘अनोळखी प्रश्न’ असे म्हटले आहे.

अनोळखी प्रश्न सोडविण्याचे शिक्षण महाविद्यालयात कसे मिळत आले, ते कोठे थांबले आणि कोणत्या मार्गांनी परत आले, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी वसई-विरार परिसराचा संदर्भ घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, परंतु मुंबई शहराच्या सीमेबाहेरील महाविद्यालयांची स्थिती येथे स्पष्टपणे दिसते. दुसरे असे की, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यानंतर वसई-विरार आणि डहाणू एकाच जिल्ह्यात आले. आणि डहाणू ही दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची जन्मभूमी आहे. ज्यांचे नाव जगभरच्या गणितप्रेमींना परिचित आहे, ते कापरेकर या जिल्ह्याचे असूनही, अनोळखी प्रश्नाच्या शिक्षणाच्या संदर्भात त्यांच्या जीवनक्रमाचा विचार क्वचितच केला जातो.

१. ब्रह्मगुप्ताने दिलेली मुदत

गणितात आव्हान देण्याची प्रथा भारतात नवी नाही. इ.स. ६२८ मध्ये रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ब्रह्मगुप्ताने एक प्रश्न घातला आहे. त्याचा गाभा असा : कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गास ९२ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल? हा प्रश्न जो एका वर्षाच्या आत सोडवील तो गणक, असे ब्रह्मगुप्ताने म्हटले आहे. उत्तर १२० असे आहे. १२० चा वर्ग १४,४००. त्याची ९२ पट १३,२४,८००. त्यात १ मिळविल्यावर ११५१ चा वर्ग मिळतो. पडताळा घेण्यास दोन मिनिटे पुरतात. शोधण्यासाठी मात्र एक वर्ष दिलेले आहे.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात ९२ च्या जागी ६१ घेऊन हाच प्रश्न सोडविला. वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो. परंतु या वेळी सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० इतके मोठे येते. सुमारे पाच शतकांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समध्ये फर्मा याने नेमका ६१ चाच प्रश्न समकालीन गणितींपुढे आव्हान म्हणून ठेवला. भास्कराचार्यांच्या उत्तराची त्याला कल्पना नव्हती.

येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या ग्रंथांची रचना आधी सूत्र व मग उदाहरण अशीच आहे. म्हणजे उदाहरण या शब्दाचा दोष नाही. त्याच परंपरेत सूत्राचा सराव देणारे उदाहरण होते आणि सूत्राची मर्यादा दाखवून नवी पद्धत शोधावयास लावणारे उदाहरणही होते. आधुनिक विद्यापीठीय व्यवस्थेत यांपैकी पहिला प्रकार उरला आणि दुसरा मागे पडला. तो का मागे पडला, हे पाहण्यासाठी विद्यापीठाच्या रचनेकडे वळणे आवश्यक आहे.

२. संलग्न महाविद्यालय आणि परीक्षा

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. अध्यापन महाविद्यालयांनी करावयाचे आणि परीक्षा विद्यापीठाने घ्यावयाची, अशी ही वाटणी होती. तिचा लाभ निर्विवाद होता. दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही मुंबईतील विद्यार्थ्याइतकीच पदवी मिळू लागली. परंतु तिचा एक परिणाम गणितासारख्या विषयावर खोलवर झाला. शिकविणारा आणि प्रश्न काढणारा यांची फारकत झाली. शेकडो विद्यार्थ्यांना, वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेल्यांना, एकच प्रश्नपत्रिका न्याय्य ठरावयाची असेल, तर तिच्यातील प्रश्न अभ्यासक्रमाच्या चौकटीत ओळखता येण्याजोगे असावे लागतात. अनोळखी प्रश्न अशा परीक्षेत अन्यायकारक ठरतो. तो वगळला जाणे हा कोणा एका व्यक्तीचा निष्काळजीपणा नव्हता. तो त्या रचनेचाच परिणाम होता.

वसई-विरार परिसराचा शैक्षणिक इतिहास याच रचनेत घडला. १८६७ मध्ये विरार ते मुंबईतील बॅकबे अशी रेल्वेगाडी सुरू झाली आणि १९३६ मध्ये विजेवरील उपनगरी गाड्या विरारपर्यंत धावू लागल्या. तरीही महाविद्यालयीन शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्यांना अनेक दशके मुंबई किंवा पुणेच गाठावे लागे. १९७० च्या दशकात वसई रोड येथे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय उभे राहिले; पुढे वसईत संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आणि विरारमध्ये विवा महाविद्यालय सुरू झाले. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. शेती, मिठागरे, मासेमारी आणि बागायतीवर जगणाऱ्या जुन्या गावांच्या शेजारी मुंबईतून स्थलांतरित झालेली कामगार व मध्यमवर्गीय वस्ती वाढली. या परिसरातील अनेक घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिली पिढी आली. अशा पिढीसाठी ओळखीचा अभ्यासक्रम आणि ओळखीची परीक्षा हा आधार असतो, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न एवढाच की, त्या आधाराच्या पलीकडे जाण्याची संधी त्यांना मिळते की नाही.

३. रँग्लरची शर्यत

एकोणिसाव्या शतकात अनोळखी प्रश्न विद्यापीठाच्या परीक्षेच्या थेट केंद्रस्थानी होता, असे एक ठिकाण होते : केंब्रिज. तेथील ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’ ही परीक्षा अनेक दिवस चालत असे. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ आणि त्यांतील पहिल्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. निकाल गुणानुक्रमे जाहीर होई आणि त्याची चर्चा वृत्तपत्रांतून होत असे. महाराष्ट्रात या परीक्षेची कीर्ती पोहोचली ती १८९९ मध्ये. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी या खेड्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या वर्षी जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. मराठी समाजाने ‘रँग्लर’ हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा जोडला. आजही त्यांचा उल्लेख तसाच होतो.

या यशाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदविली आहे. ट्रायपॉसचे प्रश्न कठीण असले, तरी त्यांची तयारी खासगी शिक्षकांकडून करून घेतली जाई. एडवर्ड राउथ या शिक्षकाच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर तयार झाले. म्हणजे अनोळखी प्रश्न ओळखीचा करून देण्याचा एक व्यवसायच उभा राहिला होता. परांजपे यांच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, जी. एच. हार्डी हे चौथे रँग्लर झाले. पुढे रामानुजनचे सहकारी म्हणून जगाला माहीत झालेल्या या गणितज्ञाने ट्रायपॉसवर कठोर टीका केली. १९२६ मधील आपल्या अध्यक्षीय भाषणाचा विषयच त्यांनी ट्रायपॉसविरुद्धची बाजू असा ठेवला. युरोपात विश्लेषणशास्त्र नव्याने रचले जात असताना केंब्रिजचे उत्तम विद्यार्थी चतुर युक्त्यांच्या वेगात गुंतून पडले, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करण्याची पद्धत बंद झाली.

ब्रह्मगुप्ताने वर्ष दिले होते. ट्रायपॉसने मिनिटे दिली. प्रश्न दोन्हीकडे अनोळखी होता, परंतु मुदत बदलली की प्रश्नाचे स्वरूपही बदलते. वर्षाची मुदत पद्धत शोधावयास लावते. मिनिटांची मुदत शिकलेल्या पद्धतींतून योग्य ती उचलावयास लावते. दोन्ही कौशल्ये मोलाची आहेत, पण ती एक नव्हेत.

४. प्रश्नस्तंभ आणि डहाणूचे कापरेकर

भारतात दीर्घ मुदतीचा प्रश्न नियतकालिकाच्या रूपाने परत आला. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली. सोसायटीचे ग्रंथालय आरंभीच्या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तिच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न छापले जात. १९११ मध्ये मद्रासकडील एका पदवी नसलेल्या तरुणाने त्यात एक प्रश्न दिला : १ मध्ये २ गुणिले एक वर्गमूळ मिळवावे, त्या वर्गमुळाच्या आत १ अधिक ३ गुणिले पुढचे वर्गमूळ, त्याच्या आत १ अधिक ४ गुणिले त्यापुढचे, अशी अंतहीन रचना करावी आणि सगळ्याचे वर्गमूळ घ्यावे, त्याची किंमत किती? अनेक महिने कोणाचे उत्तर आले नाही. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. उत्तर ३ आहे, आणि ते मागून पुढे उलगडत जाते : ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ, ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४, ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५, ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ, २५ म्हणजे १ अधिक ४ गुणिले ६, आणि असेच पुढे. इतकी साधी गोष्ट महिनोन्‌महिने सुचू नये, यातच अनोळखी प्रश्नाचे मर्म आहे.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. माध्यमिक शिक्षण ठाण्यात घेऊन १९२३ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनासाठी ‘रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक’ मिळाले. हा तपशील चरित्रांत एका ओळीत येतो, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो कळीचा आहे. ज्यांचे नाव वेगवान परीक्षेतील सर्वोच्च यशाशी जोडलेले होते, त्यांच्याच नावाचे हे पारितोषिक वेगासाठी नव्हते. ते विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या कामासाठी होते. डहाणूच्या एका मुलाला महाविद्यालयाने परीक्षेबाहेरचे एक दार उघडून दिले, आणि तो त्या दाराने आयुष्यभर आत-बाहेर करीत राहिला.

१९२९ मध्ये कापरेकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शाळाशिक्षक होते. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून मिळणाऱ्या संख्येतून ते चढत्या क्रमाने लिहून मिळणारी संख्या वजा करावी आणि हीच क्रिया पुन्हा करीत जावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे ७६४१ उणे १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील आपल्या सदरात कापरेकर यांच्या कामाचा परिचय करून दिला आणि त्यांचे नाव जगभर गेले. तोपर्यंत त्यांच्या निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती.

हा गुणधर्म बहुधा चमत्कार म्हणून सांगितला जातो आणि तेथेच सोडून दिला जातो. पदवीच्या वर्गात त्याचा उपयोग अधिक गंभीरपणे करता येतो. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी ९९९ गुणिले (अ उणे ड) अधिक ९० गुणिले (ब उणे क) इतकी येते. म्हणजे मूळ चार अंकांपैकी उत्तर ठरविणारे असे दोन फरकच उरतात. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा होऊ शकत नाही. यावरून एकूण शक्यता केवळ ५४ आहेत. जवळपास नऊ हजार संख्यांविषयीचे विधान ५४ ओळींच्या तक्त्यात सिद्ध होते आणि तो तक्ता विद्यार्थी एका दुपारी हाताने करू शकतो. यानंतर खरा अभ्यास सुरू होतो. तीन अंकांसाठी काय होईल? तेथे ४९५ ही संख्या येते. दोन अंकांसाठी? तेथे एक संख्या स्थिर राहत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरते. पाच अंकांसाठीही स्थिर संख्या नाही. चारालाच हे भाग्य का, असा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विचारला की त्याचा ‘उदाहरण’ ते ‘प्रश्न’ हा प्रवास पूर्ण झाला, असे म्हणता येईल.

तथापि कापरेकर यांच्या जीवनक्रमाचे केवळ गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांच्या काळातील अनेक व्यावसायिक गणितींनी त्यांचे काम करमणुकीचे गणित मानले. त्यांची बरीच पुस्तिका-प्रकाशने त्यांनी स्वखर्चाने केली. शाळेच्या तुटपुंज्या मिळकतीत आणि विद्यापीठीय वर्तुळाबाहेर त्यांनी हे सारे केले. त्यांना वेळ आपला होता, परंतु सिद्धतेची चर्चा करणारा, चूक दाखविणारा, पुढचा प्रश्न विचारणारा सहाध्यायी वर्ग नित्य लाभला नाही. ट्रायपॉसकडे स्पर्धक होते पण सवड नव्हती. कापरेकर यांच्याकडे सवड होती पण सोबत नव्हती.

५. फळ्यावरील आव्हान

सवड आणि सोबत यांचा मेळ कसा घालता येतो, याचे एक सुंदर उदाहरण जयंत नारळीकर यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे स्वतः रँग्लर आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. घरात मुलांसाठी फळे लावलेले होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी तेथे राहावयास आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर ‘जयंतसाठी आव्हान’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन एखादे गणित लिहून ठेवीत. जयंतने ते सोडविले किंवा हार मानली, तरच ते पुसले जाई. तोपर्यंत येता-जाता ते डोळ्यांपुढे राही. नारळीकर १९५७ मध्ये बनारसचे पदवीधर होऊन केंब्रिजला गेले आणि १९५९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत त्यांनी अग्रस्थान मिळविले.

या प्रसंगातील शैक्षणिक घटक वेगळे काढून पाहावयास हवेत. प्रश्न अनोळखी होता. तो घालणारी व्यक्ती विद्यार्थ्याला ओळखत होती, म्हणजे प्रश्न काढणारा आणि शिकविणारा यांची फारकत नव्हती. मुदत नव्हती. गुण नव्हते. हार मानण्याची मुभा होती आणि तिची नामुष्की नव्हती. साधन म्हणून लागला तो एक फळा. प्राध्यापकाच्या घरातील मुलास जन्मतःच मिळालेली ही सोय पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला कोठे मिळेल, तर ती महाविद्यालयातच.

६. स्पर्धेचे पुनरागमन

विसाव्या शतकात अनोळखी प्रश्नाच्या संघटित स्पर्धा निर्माण झाल्या. हंगेरीत १८९४ मध्ये शाळा संपविणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली ओटव्हॉश स्पर्धा ही त्यांची जननी मानली जाते. तेथूनच लिओपोल्ड फेयेर आणि थिओडोर फॉन कारमान यांच्यासारखे पुढे नामवंत झालेले विद्यार्थी आले. अमेरिकेत १९३८ पासून पदवी विद्यार्थ्यांसाठी पुटनम स्पर्धा घेतली जाते. तिच्यात दोन सत्रांत मिळून सहा तास आणि बारा प्रश्न असतात. एकूण गुण १२०. आणि अनेक वर्षी मध्यस्थ गुण शून्य किंवा एक इतके असतात. तरीही हजारो विद्यार्थी स्वेच्छेने बसतात. शंभरात पस्तीस मिळाले नाहीत तर नापास, या हिशोबात वाढलेल्या व्यवस्थेला ही गोष्ट अजब वाटेल. परंतु तिचा अर्थ सरळ आहे : येथे एक प्रश्न पूर्ण सुटणे हीच उपलब्धी मानली जाते आणि न सुटलेल्या प्रश्नांवर नंतर होणारी चर्चा हे खरे शिक्षण असते.

भारतात अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ स्थापन केले. मंडळाच्या प्रयत्नांतून शालेय ऑलिम्पियाडची व्यवस्था उभी राहिली. १९८९ पासून भारतीय संघ आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये भाग घेऊ लागला आणि १९९६ मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली. परंतु शाळेत ऑलिम्पियाडचे नाव न ऐकलेला विद्यार्थी महाविद्यालयात आल्यावर त्याच्यासाठी काय होते? १९९३ मध्ये मुंबई विद्यापीठातील प्रा. एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘एमटीटीएस’ हा उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम हे या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर होते. सामान्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आठवडेच्या आठवडे एकत्र आणून, व्याख्यानाऐवजी प्रश्नोत्तरांतून त्यांना स्वतः सिद्धतेपर्यंत पोहोचविणे ही त्याची पद्धत होती. दुसरे उत्तर म्हणजे माधव गणित स्पर्धा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचा गणित विभाग आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांनी राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या अर्थसाहाय्याने २०१० च्या जानेवारीत ती सुरू केली. पाय या संख्येची अनंत श्रेणी शोधणाऱ्या केरळातील संगमग्रामच्या माधवाचे नाव तिला दिलेले आहे. ती पदवी विद्यार्थ्यांसाठी असून तिच्यात पर्यायी प्रश्नांबरोबरच संपूर्ण सिद्धता मागणारे प्रश्न असतात, आणि निवडक विद्यार्थ्यांसाठी शिबिर घेतले जाते.

ही स्पर्धा एका संलग्न महाविद्यालयाच्या गणित विभागातून उभी राहिली, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत अनोळखी प्रश्नाला जागा नसली, तरी महाविद्यालय ती निर्माण करू शकते, याचा हा पुरावा होय.

७. वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांपुढील प्रश्न

वरील इतिहासातून स्थानिक पातळीवर काय घेता येईल, याचा विचार करताना तीन आक्षेप समोर येतात. पहिला वेळेचा. सत्र पद्धतीत अभ्यासक्रम पूर्ण करणे हेच दिव्य असते. परंतु फळ्यावरील एका प्रश्नाला तासिका लागत नाही. विभागाच्या दारापाशी पंधरा दिवस एकच प्रश्न राहिला आणि पंधरवड्याच्या अखेरीस अर्धा तास त्यावर बोलणे झाले, तरी सत्रात सहा-सात प्रश्न होतात. वसई, नालासोपारा किंवा विरारहून रोज गाडीच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला वही उघडता येत नाही, पण ६१७४ चा प्रश्न डोक्यात वागविता येतो. कापरेकर यांनी आपल्या ‘डेम्लो’ संख्यांना एका रेल्वे स्थानकाचे नाव दिले. ती कल्पना त्यांना तेथेच सुचली होती.

दुसरा आक्षेप कुवतीचा. दुर्बल पाया असलेल्या विद्यार्थ्यांना असे प्रश्न झेपतील काय, असे विचारले जाते. या आक्षेपाच्या मुळाशी कठीण आणि अनोळखी या दोन शब्दांची गल्लत आहे. कापरेकर यांच्या प्रश्नाला वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. रामानुजनच्या प्रश्नाला लागते ती शाळेतील वर्गमुळाची कल्पना. प्रश्न अनोळखी असला तरी त्याचे दार बुटके असू शकते. किंबहुना ज्याची तयारी कमी आहे, त्याला स्वतः काही सापडल्याचा आनंद अधिक आवश्यक असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. स्पर्धेचा प्रश्न शिकवणी वर्गाच्या हाती गेला की त्याचेही उदाहरण बनते. राउथच्या काळात केंब्रिजमध्ये हेच घडले आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या संदर्भात आज ते सर्वत्र घडताना दिसते. प्रश्नांचे ‘प्रकार’ पाडून प्रत्येक प्रकाराची युक्ती पाठ करून घेतली, तर स्पर्धा म्हणजे अधिक कठीण अशी दुसरी परीक्षाच होय. यावर उपाय स्पर्धा टाळणे हा नाही. माधव स्पर्धेची प्रश्नपत्रिका हाती घेऊन, तीन तासांऐवजी तीन महिन्यांची मुदत देऊन ती गटाने सोडविणे हा आहे. प्रत्येक उकलीनंतर दोन प्रश्न विचारले जावेत : यातील कोणती अट काढली तर विधान कोसळेल, आणि संख्या बदलली तर काय होईल? भास्कराचार्यांनी ९२ च्या जागी ६१ ठेवून जे केले, ते हेच होते.

समारोप

या मागोव्यातून असे दिसते की, अनोळखी प्रश्न सोडविण्याचे शिक्षण दोन गोष्टींवर अवलंबून राहिले आहे : प्रश्नासोबत राहण्याची सवड आणि उकल पारखणारी सोबत. ट्रायपॉसमध्ये पहिली नव्हती, कापरेकर यांच्या वाट्याला दुसरी अपुरी आली, आणि संलग्न विद्यापीठाच्या परीक्षेने दोहोंची जबाबदारी स्वीकारली नाही. नारळीकरांच्या घरातील फळ्यावर, एमटीटीएसच्या वर्गांत आणि माधव स्पर्धेच्या शिबिरांत त्या दोन्ही एकत्र आल्या. यांपैकी कोणत्याही उपक्रमाने अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहिली नाही.

१९२७ मध्ये डहाणूच्या विद्यार्थ्याला परीक्षेबाहेरचे दार सापडले, ते घरापासून दूर पुण्यात. आज त्याच जिल्ह्यात, वसईपासून डहाणूपर्यंत, महाविद्यालये आहेत आणि त्यांत गणिताचे अध्यापक आहेत. त्यामुळे ते दार आता घराजवळ उघडणे शक्य झाले आहे. त्यासाठी लागणारी सामग्री एक फळा, एक प्रश्न आणि तो लगेच न पुसण्याचा संयम इतकीच आहे. ब्रह्मगुप्ताने गणक म्हणवून घेण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली होती. तीन वर्षांच्या पदवीत तेवढी मुदत एका प्रश्नाला देण्यास हरकत नसावी.